गोफण, बेचकी आणि नेम

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हणजे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या तालुक्यांत, पौष हा ज्वारीच्या राखणीचा महिना. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी तोवर निसवते आणि कणसे चिकात येतात. माणसाला हुरड्यासाठी जो कोवळा दाणा हवा असतो, तोच पाखरांनाही हवा असतो. हा बेताच्या पावसाचा मुलूख. घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा, दोन्हींची भिस्त या एका पिकावर. म्हणून कणसे भरू लागल्यापासून काढणीपर्यंत रानात राखणीला माणूस हवाच, आणि त्याच्या हाताशी गोफण हवी. आता कांद्याने आणि उसाने बरीच राने घेतली, ज्वारीवर जाळ्या आणि चमकत्या फिती आल्या, राखणीला माणूस मिळेनासा झाला. तरीही सकाळच्या उन्हात या भागातून जाताना गोफणीचा आवाज अजून कानी येतो. या लेखनाचा विषय आहे तो त्या आवाजामागचा नेम, आणि गोफणीसोबतच मुलांच्या हातातल्या बेचकीचा, म्हणजे काही गावांत ज्याला गलोल म्हणतात त्या साधनाचाही.

वाचकांनी हा विषय पोरखेळ समजून बाजूला ठेवू नये, एवढीच आरंभी विनंती आहे. बंदुकीच्या आणि धनुष्याच्या नेमबाजीला आपण क्रीडेचा मान देतो. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा ५० मीटरवरून ८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बाण घालण्याचे कौतुक घराघरांत झाले. ते योग्यच होते. पण ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या दोरीच्या टोकाला दगड घुमवून ४० मीटरवरचा थवा हव्या त्या दिशेला वळवला, त्यांच्या कौशल्याचे मोजमाप कुणी मांडले नाही. ते मांडता येते आणि शिकताही येते. त्यासाठी आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: नेम चांगला आहे असे नेमके कशावरून म्हणायचे?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी साधनांचे वय पाहू. गोफण किती जुनी, याचा पुरावा या जिल्ह्याच्या मातीतच आहे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी १९५०-५१ मध्ये जोर्वे आणि १९५४ पासून प्रवरेकाठचे नेवासे उत्खनित केले. श्रीगोंद्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावचे उत्खनन १९६८ पासून पुढे अनेक हंगाम चालले. जोर्वे संस्कृतीच्या अशा वसाहतींतून दगडाचे आणि मातीचे घडीव गोळे मिळाले आहेत, आणि अभ्यासक त्यांना गोफणगुंडे मानतात. म्हणजे सुमारे ३,००० वर्षांपूर्वी या नद्यांच्या काठी शेती करणारा माणूस गोळे घडवून ठेवत होता. गोळा घडवणे ही साधी गोष्ट नव्हे. वाटेत सापडला तो दगड उचलून कुणीही भिरकावतो. सारख्या आकाराचे गोळे आधीच करून ठेवतो तो नेमाचा विचार केलेला माणूस. या विद्येचा पहिला धडा त्या गोळ्यांतच आहे, आणि त्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हीच विद्या होती. भूमध्य समुद्रातल्या बालेअरिक बेटांचे गोफणकरी प्राचीन काळी कार्थेज आणि रोमच्या सैन्यांत भाड्याने जात. तिथे मुलाने गोफणीने भाकरीवर नेम साधल्याशिवाय त्याला ती खायला मिळत नसे, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. त्या बेटांवर गोफणीच्या स्पर्धा आजही होतात. बेचकी मात्र त्या मानाने कालची. रबराला टिकाऊपणा आणि ताण देणारी प्रक्रिया चार्ल्स गुडइयरने १८४४ साली पेटंट केली. त्याआधी दुबेळक्याला रबर लावून दगड मारणे शक्यच नव्हते. आपल्याकडे तिला रबर पुरवले ते सायकलच्या जुन्या ट्यूबने.

आता गोफण जवळून पाहा. सूत, अंबाडी किंवा घायपाताच्या वाखाची वेणी घालून केलेल्या दोन दोऱ्या, आणि मधे दगड बसेल अशी विणलेली पट्टी. एका दोरीच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकतो. दुसरीचे टोक मोकळे, ते अंगठा आणि तर्जनीत धरायचे. पट्टीत दगड ठेवायचा, गोफण घुमवायची आणि नेमक्या क्षणी मोकळे टोक सोडायचे. दगड सुटतो, आणि सुटलेली दोरी हवेत झटका खाऊन आसुडासारखी वाजते. जाणती राखणदार बाई पुष्कळदा पट्टीत दगड न घालताच नुसती गोफण वाजवते. पाखरे दबकलेली असतील तर तेवढे पुरते. खोल काळ्या रानात दगड मिळत नाहीत आणि ओढ्यातून आणावे लागतात. अशा वेळी चिकणमातीचे लिंबाएवढे गुंडे वळून उन्हात वाळवतात. मातीचा गुंडा आपटून फुटतो, त्यामुळे पुढे काढणीच्या वेळी विळ्याच्या पात्याला दगड लागत नाही. बारकाईने पाहिले तर साधनाच्या प्रत्येक भागात असा शेताचा विचार दिसतो.

माळ्यावर उभ्या असलेल्या राखणदाराचा नेम कशावर असतो? पाखरावर असतो असे नव्याने पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात पाखरू मारून पीक राखले जात नाही. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचा थवा हजारांत असू शकतो; त्यातली एक पडली तरी उरलेल्या दाणे टिपतच राहतील. राखणदाराला हवा असतो तो थव्याचा मार्ग बदललेला. थव्याच्या मधोमध दगड गेला तर थवा फाटतो आणि दोन ठिकाणी उतरतो, काम दुप्पट होते. तो उतरण्याच्या बेतात असताना त्याच्या पुढच्या कडेसमोरून दगड गेला, तर सगळा थवा एकदम वळतो आणि शेताबाहेर जातो. शिवाय दगड पडायचा कुठे, हाही नेमाचाच भाग. उभ्या ज्वारीत पडला तर ताटे मोडतील. तो पिकावरून जाऊन पलीकडच्या बांधावर किंवा पडीक रानात पडला पाहिजे. वेळही साधावी लागते. सकाळी ऊन वर येईपर्यंत आणि दुपार कलल्यापासून मावळतीपर्यंत पाखरांची धाड मोठी. उगाच सारखे दगड मारत राहिले की पाखरे सरावतात आणि मग हलत नाहीत. मेंढपाळाचा नेम याहून थोडा निराळा: बाहेर पडू पाहणाऱ्या मेंढीच्या पुढ्यात जमिनीवर दगड पडावा, धूळ उडावी आणि मेंढी कळपात परतावी. मेंढीला लागला तर तो नेम चुकलाच म्हणायचा. ज्या चोंडीत १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला, ते जामखेड तालुक्यातले गाव याच मेंढपाळी मुलखातले.

म्हणून या विद्येत प्रवेश करताना वाचकांनी ‘लागला की नाही’ हा एकच प्रश्न घेऊन येऊ नये. दगड जिथे जायला हवा होता तिथून किती अंतरावर गेला, आणि पुढचा तितक्याच जवळ जाईल का, हे दोन प्रश्न सोबत आणावेत. नेमाचा सगळा अभ्यास या दोहोंवर उभा आहे.

बेचकीवर हे अधिक स्पष्ट दिसते, कारण तिथे अंतर थोडे आणि लक्ष्य लहान. समजा, दोन मुले १० मीटरवरच्या पत्र्याच्या डब्यावर दहा-दहा खडे मारतात. पहिल्याचे दोन लागले. बाकीचे डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, कुठेही गेले. दुसऱ्याचा एकही लागला नाही, पण त्याचे दहाही खडे डब्याच्या डावीकडे, तळहाताएवढ्या जागेत गेले. गावात नाव होईल पहिल्याचे. जाणकार मात्र दुसऱ्यालाच सरस म्हणेल. त्याची चूक एकच आहे आणि ती रोज तीच आहे. धरण्यात थोडा फरक केला की दहाही खडे डब्यावर येतील. पहिल्याच्या दहा खड्यांमागे दहा वेगळ्या चुका आहेत, आणि त्यातले दोन लागले ते योगायोगाने. चिंचेच्या झाडावरचा एक आकडा पाडलेला वर्षभर सांगितला जातो, न पडलेले शंभर कुणी सांगत नाही. म्हणून तोंडी कीर्तीवर नेम ठरवता येत नाही.

मोजायचे कसे, तेही पाहून घ्या. जुनी जाड चादर किंवा गोधडी दोरीवर सैल टांगा, तिच्यावर कागद अडकवा, कागदावर एक ठिपका काढा. गोधडी खड्याचा जोर खाते आणि खडा उलटून येत नाही. भिंतीवर सराव करू नये तो याचसाठी. पाच खडे मारा आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधले अंतर मोजा. ही तुमची पसरण. मग पाचही भोकांचा मध्य अंदाजे काढून तो ठिपक्यापासून किती दूर आहे ते मोजा. हा तुमचा कल. पसरण हाताच्या सवयीने कमी होते, कल नेम धरण्याच्या बदलाने जातो. दोन्हींची औषधे वेगळी असल्याने आकडे वेगळे लिहावेत. एक सावधगिरी मात्र हवी. खडे जितके जास्त, तितकी पसरण वाढत जाते, कारण एखादा भरकटलेला खडा केव्हा ना केव्हा येतोच. म्हणून पाच खड्यांच्या पसरणीशी पाचच खड्यांची तुलना करावी. आणि भरकटलेला खडा ‘तो हात निसटला होता’ म्हणून वगळू नये. निसटलेला हातही तुमचाच असतो.

अंतराचाही हिशोब सोपा आहे. १० मीटरवर १० सेंटिमीटर पसरण असलेल्याची २० मीटरवर निदान २० होणार. त्यामुळे ‘माझा नेम अमुक इतका’ असे म्हणताना अंतर सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

सुधारणा कशाने होते, याबद्दल या विषयात बऱ्याच समजुती आहेत आणि त्यातली सगळ्यात घट्ट समजूत म्हणजे जोर वाढवला की नेम सुधारतो. प्रत्यक्षात जोरापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. बेचकीतून छोटा गोळा सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला असे धरा. १० मीटर जायला त्याला एक पंचमांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे २० सेंटिमीटर खाली येतो. पुढच्या वेळी ताण थोडा कमी पडून वेग ४५ मीटर झाला, तर तो सुमारे २४ सेंटिमीटर खाली येईल. डोळा, हात, वारा सगळे तेच असताना निव्वळ ताणातल्या फरकाने चार-साडेचार सेंटिमीटरचा फरक पडला. म्हणून चांगला नेमबाज रबर दर वेळी चेहऱ्यावरच्या एकाच जागी, गालाच्या हाडापाशी किंवा ओठांच्या कोपऱ्याशी, आणून सोडतो. तिरंदाजही प्रत्यंचा अशीच ठरल्या जागी आणतो. रबराच्या दोन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या आणि सारख्या लांबीच्या हव्यात. एक जरा आखूड असली की खडा कायम एका बाजूला जाणार. पट्टी ताणून फार वेळ धरू नये, रबराचा जोर ओसरतो. कडाक्याच्या थंडीत रबर मंदावते आणि खडा खाली पडतो, हेही पौषातल्या सकाळी आठवणीत ठेवावे.

आणि खडा. ओढ्यातून वेचलेल्या दोन खड्यांचे वजन कधी सारखे नसते, आकार तर नसतोच. जोर्वेकाळच्या माणसाने घडवलेले गोळे इथे उपयोगी पडतात, म्हणजे त्यांच्यामागचा विचार. चिकणमातीचे सारखे गोळे वळून वाळवा, किंवा मुलांच्या खेळातल्या एकाच मापाच्या गोट्या घ्या. आधी काहीही न बदलता फक्त खडे सारखे केले, तरी बहुतेक नवशिक्यांची पसरण डोळ्यांदेखत कमी होते. इतक्या स्वस्तात मिळणारी सुधारणा या विषयात दुसरी नाही.

गोफणीत सारखेपणा आणखी अवघड, कारण तिथे सगळे सुटण्याच्या क्षणावर आहे. दगड सुमारे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरत असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात तो ११ अंशांहून अधिक वळतो. टोक तेवढे उशिरा सुटले, तर ४० मीटरवर दगड आठ मीटर बाजूला जातो. यातूनच एक महत्त्वाची निवड पुढे येते. गोफण डोक्यावर आडवी घुमवली, तर सोडण्यातली चूक दगडाला डावी-उजवीकडे नेते. तीच अंगाच्या बाजूने उभी घुमवली, तर दगड दिशा सोडत नाही, फक्त अलीकडे किंवा पलीकडे पडतो. नव्याने शिकणाऱ्याने उभ्या फिरवणीनेच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतात दिशा चुकली तर थवा भलतीकडे वळतो. थोडे अलीकडे-पलीकडे झाले तर बिघडत नाही. आडव्या फिरवणीत डौल आहे यात शंका नाही, पण तो दुसऱ्या वर्षाचा धडा. फिरवणीची संख्याही अशीच. गरगर दहा वेळा घुमवून दगडाचा वेग वाढत राहत नाही. वेग येतो तो शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात, खांदा आणि कंबर लावून दिलेल्या झटक्यातून. जितके फेरे जास्त तितका सुटण्याचा क्षण पकडणे कठीण. एक किंवा दोन फेरे पुरेत.

सरावाची सुरुवात दगडाने करू नका. कापडाचा घट्ट चेंडू किंवा टेनिसचा जुना चेंडू घ्या. दर वेळी दिशेची चूक आणि अंतराची चूक वेगवेगळी लिहा. एका दिवशी एकच गोष्ट बदला: आज दोरीची लांबी, उद्या पायांची ठेवण, परवा पकड. तिन्ही एकदम बदलल्यास नेम कशाने सुधारला किंवा बिघडला हे कळणार नाही. आणि थकलेल्या हाताने सराव करू नये. दमलेला हात वेगळ्या क्षणी सोडतो, आणि तोच क्षण त्याच्या अंगवळणी पडतो.

याच जागी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे, आणि पोपट, मोर, भोरडी अशा पक्ष्यांना मारणे किंवा जखमी करणे हा त्याखाली गुन्हा आहे. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटांसाठी राखलेले अभयारण्य १९८० पासून आहे, आणि शेजारच्या माळरानांना पाखरांचे आणि जनावरांचे मोठे देणे लाभले आहे. कायदा नसता तरी या विद्येला जिवंत लक्ष्याची गरज नव्हती; राखणदाराचा नेम पाखरावर नसतो, हे वर आलेच आहे. ज्यांना बेचकीचे लक्ष्य हवे, त्यांनी कागद, डबा, टांगलेली नारळाची करवंटी घ्यावी. गोफणीतून सेकंदाला ३० मीटर वेगाने निघालेला दगड ९० मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि चूक झाली तर कोणत्याही दिशेला जाऊ शकतो. म्हणून सरावासाठी चहूबाजूंनी त्याहून मोकळे रान हवे आणि बघणाऱ्यांनी मारणाऱ्याच्या आसपास अजिबात उभे राहू नये. बेचकी मारताना डोळ्यांवर चष्मा असावा. रबर बहुधा कातडी पट्टीला बांधलेल्या जागी तुटते आणि तुटलेले टोक थेट चेहऱ्यावर येते. तिथे बारीक चीर दिसली की पट्टी त्याच दिवशी बदलावी.

या विषयावर छापील साहित्य तोकडे आहे. बहुतेक ज्ञान हातांत आहे, आणि ते हात म्हातारे होत आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ज्वारीचे अनेक वाण दिले, त्यात हुरड्यासाठीचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाणही आहेत. त्यांची लागवड, खत, कीड यांची माहिती शेतकऱ्याला छापील मिळते. त्याच ज्वारीची राखण करणाऱ्या गोफणीची लांबी कशी ठरवायची, हे मात्र अजून विचारूनच कळते. माझ्या माहितीतले राखणदार ती आपापल्या अंगावर मापतात, आणि प्रत्येकाचे माप थोडे वेगळे असते. कुणाचे बरोबर, हे ठरवायला वर सांगितलेली पसरण आणि कल मोजण्याची रीत उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर यापेक्षा जवळचा आणि कमी खर्चाचा विषय सापडणे अवघड आहे: एक गोफण, एक मोजपट्टी, एक वही, आणि मावशी किंवा आजोबा कुणीतरी शिकवायला.

तेव्हा पौषात तुम्ही या भागात हुरड्याला आलात, तर ज्या रानातून गोफण वाजते तिथे परवानगी विचारून जा. कणसे तुडवू नका, बांधावरून चाला, मारणाऱ्याच्या मागे बऱ्याच अंतरावर थांबा. आधी दोरी कशाची, वेणी कुणी घातली, गुंडे कुठून आणले ते विचारा. ही माणसे साधनाबद्दल मनापासून बोलतात. मग विनंती करा, की पुढचा गुंडा कुठे टाकणार ते टाकण्याआधी बोट दाखवून सांगा. तो पडला की त्यांनी दाखवलेल्या खुणेपासून पडल्या जागेपर्यंतची पावले मोजा, आणि हेच पाच वेळा करा.